गाडीत सीबी रेडिओला वीज कुठून द्यावी?

अमेरिकेत बऱ्याच वर्षांनी पुन्हा सीबी (सिटिझन्स बँड, म्हणजे गाडीतून इतरांशी बोलायचा कमी पल्ल्याचा रेडिओ) लावताय, छान! लायटर सॉकेटवर चालेल का असं विचारलंत, तर चालेल. चार वॅटचा सेट बोलताना साधारण दोनच अँपिअर ओढतो. पण सॉकेटमध्ये प्लग हलतो आणि इंजिनची घरघर ऐकू येते. कायमचा बसवायचा तर लाल वायर थेट बॅटरीच्या प्लसला जोडा, फ्यूज बॅटरीजवळच हवा. काळी वायर चॅसिसला, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट आवळा. मात्र गाडी बंद केल्यावर सेटही आठवणीने बंद करा, नाहीतर बॅटरी उतरेल. बोलण्याआधी अँटेनाचा एसडब्ल्यूआर (पाठवलेल्या लहरी अँटेनाकडून किती परत फिरतात याचं माप) चॅनल १ आणि ४० वर तपासा, दोनच्या खाली हवा. ट्रकवाले अजून चॅनल १९ वरच भेटतात. शिवाय २०२१ पासून सीबीवर नेहमीच्या एएमसोबत एफएम पद्धतीने बोलायलाही परवानगी आहे, नवा सेट घेणार असाल तर तसाच बघा.