पिव्होट येतं हो, पण विचारायचं काय?

प्रश्न: नमस्कार सर, मी परळच्या बाजूला एका कॉलेजात बीकॉमला अकाउंट्स शिकवते. यंदा डेटा अ‍ॅनालिसिसचं प्रोजेक्ट दिलं. एक्सेलमधलं पिव्होट (डेटाची गटवार बेरीज करणारं टेबल), चार्ट सगळं येतं पोरांना, पण या डेटाला काय प्रश्न विचाराल म्हटलं की सगळ्यांचं एकच, टोटल सेल किती आणि जास्त काय खपलं. प्रश्न विचारायला शिकवायचं कसं?
— एक शिक्षिका, मुंबई

उत्तर: मॅडम, पोरांना कशाला बोल लावायचा, बारावीपर्यंत ताळेबंद जुळला की मार्क मिळायचे, प्रश्न विचारायची वेळ आलीच कुठे.

आधी लॅपटॉप बंद करायला लावा आणि धंदा दाखवा. तुमच्या जवळच लालबागची मिरची गल्ली आहे, तिथे घेऊन जा. वर्षाचा मसाला लोक पावसाळ्याआधी करून घेतात, एप्रिल-मेमध्ये नुसती झुंबड असते, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की 'टोटल सेल किती' विचारायला पोरांनाच कसंतरी वाटतं. मग मिरची भरली कधी, तेवढे दिवस पैसे अडकले किती, जूनमध्ये उरलेल्या मालाचं काय झालं, असं सुरू होतं.

माझा आवडता डेटा म्हणजे रोख खर्चाची व्हाउचरं, म्हणजे कोणाला किती रोख दिले त्याच्या चिठ्ठ्या. 'रोख खर्च किती झाला' याचं उत्तर एक आकडा, विषय संपला. पण एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिले तर तो खर्च इन्कम टॅक्सच्या हिशोबात नफ्यातून सहसा वजा धरत नाहीत, हे आधी सांगा आणि गप्प बसा. कोणीतरी विचारतंच की सर, ९,५०० ते १०,००० मध्ये व्हाउचरं किती, आणि एकाच नावाची एकाच तारखेला दोन-तीन आहेत का (तसे तुकडे करून फायदा नसतो, दिवसाची बेरीजच बघतात, तरी लोक करतात). आता ९,८०० दिसले म्हणजे लबाडीच असं नाही, एखाद्या कामाचे खरंच तेवढे झाले असतील, म्हणून पुढचा प्रश्न बिल कुठेय.

आणि फाइल उघडायच्या आधी उत्तर किती येईल ते प्रत्येकाकडून पेन्सिलने लिहून घ्या, अंदाज चुकला की पोरगं स्वतःच खोदायला लागतं. मार्क मात्र चार्टला देऊ नका, प्रश्नाला द्या, नाहीतर परत रंगीत पाय चार्टच येतील.

खरा डेटा कोणाकडून आणलात तर नावं, जीएसटी नंबर आधी पुसा, नाहीतर पुढच्या वर्षी तो शेठ दारात उभं करणार नाही.