मत दिलं नाही, मग मन का खातं?

प्रश्न : या निवडणुकीत मी जाणूनबुजून मत दिलं नाही. एकही उमेदवार पटला नाही आणि माझ्या एका मतानं निकाल फिरणार नव्हता. तरी दिवसभर मन खात होतं. ऑफिसात विचारलं तेव्हा चक्क थाप मारली, ‘हो, सकाळीच देऊन आले.’ मतदान हा हक्क आहे ना? मग तो न बजावल्याची लाज का वाटावी?

उत्तर : तुमच्या पत्रात मला सगळ्यात बोलकी वाटली ती थाप. अशी थाप मारणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. सर्वेक्षणात ‘मत दिलं’ म्हणणारे नेहमीच प्रत्यक्ष नोंदीपेक्षा जास्त भरतात.

तुमचं गणित बरोबर आहे. अर्थशास्त्राच्या अंगानं विचार करणाऱ्या अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्ये तेच मांडलं होतं : एका मतानं निकाल बदलण्याची शक्यता इतकी क्षुल्लक, की रांगेत उभं राहण्याचा त्रासही परवडत नाही. (२००८ मध्ये राजस्थान विधानसभेच्या निवडणुकीत नाथद्वाऱ्यात काँग्रेसचे सी. पी. जोशी एका मतानं हरले हे खरं, पण असं क्वचितच घडतं. त्या भरवशावर कुणी घराबाहेर पडत नाही.) तरी कोट्यवधी लोक मत देतातच. मग १९६८ मध्ये रायकर आणि ऑर्डेशूक या दोन अमेरिकी राज्यशास्त्रज्ञांनी समीकरणात कर्तव्यभावनेची भर घातली. मला हे उत्तर जुळेना म्हणून हातचा वाढवल्यासारखं वाटायचं. पण तो हातचा खराच आहे, तुमचं मन खात होतं ते त्यामुळेच.

फक्त ही भावना नुसत्या उपदेशानं फारशी हलत नाही. २००६ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एका प्राथमिक (पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या) निवडणुकीआधी हजारो घरांत पत्रं पाठवली गेली. तिथे कुणाला मत दिलं हे गुप्त असतं, पण दिलं की नाही याची नोंद कुणालाही पाहता येते. ज्यांना काहीच पत्र गेलं नाही, त्यांच्यात २९.७ टक्के मतदान झालं. ‘मतदान हे कर्तव्य आहे’ एवढंच सांगणारं पत्र ज्यांना गेलं, त्यांच्यात ३१.५. आणि ज्यांच्या पत्रात त्यांची व शेजाऱ्यांची मागची हजेरी छापली होती, वर ‘निवडणुकीनंतर नवी यादी पाठवू’ अशी तंबी होती, त्यांच्यात ३७.८! म्हणजे कर्तव्य आपल्याला टोचतं ते बरंचसं चारचौघांच्या नजरेतून. यात कमीपणा मानू नका. मतदान ही चारचौघांचीच गोष्ट आहे.

कायद्याचं म्हणाल तर देशोदेशी निराळा प्रकार. इटलीच्या राज्यघटनेत मतदान नागरी कर्तव्य म्हटलंय, आणि १९९३ पर्यंत मत न देणाऱ्याच्या वर्तणुकीच्या दाखल्यावर पाच वर्षं ‘मत दिलं नाही’ असा शेरा पडू शकत असे. ऑस्ट्रेलियानं १९२४ मध्ये सक्ती केली. १९२२ मध्ये साठ टक्क्यांच्या आत असलेलं मतदान १९२५ मध्ये नव्वदीपार गेलं. भारताच्या राज्यघटनेतल्या मूलभूत कर्तव्यांत मात्र मतदान नाही. तेव्हा कायद्यानं तुम्ही मोकळ्या आहात. सक्ती मलाही नको वाटते.

पण बांधिलकी आहे, असं माझं मत. उमेदवाराशी नव्हे, त्याचं आपण काही देणं लागत नाही. ती आहे ज्यांच्याबरोबर आपण राहतो त्यांच्याशी. कोणत्या वस्तीतून, कोणत्या वयाचे लोक येत नाहीत याचा हिशेब पक्ष ठेवतात, आणि न येणाऱ्यांची कामं मागे पडतात. शिवाय तुमचा विचारपूर्वक निषेध आणि दुसऱ्या कुणाची दुपारची झोप, दोन्ही यादीत एकसारखीच गैरहजेरी म्हणून उमटतात. कुणीच पटत नसेल तर २०१३ पासून ‘नोटा’चं बटण आहे. लोकसभा-विधानसभेत त्यानं निकाल बदलत नाही, पण निदान ‘पटलं नाही’ एवढं मोजलं तरी जातं.

काही विचारवंतांचं म्हणणं असतं, माहिती न घेता मत देण्यापेक्षा घरी बसलेलं बरं. अर्धं मला पटतं. म्हणून पुढच्या वेळी ‘एकही पटला नाही’ म्हणण्याआधी निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर उमेदवारांची शपथपत्रं उघडा. गुन्हे, मालमत्ता, शिक्षण सगळं त्यात असतं, आणि दोन-तीन उमेदवारांची वाचायला एक संध्याकाळ पुरते.