नगर परिषदेचे बोधचिन्ह कोणाचे?

प्रश्न : आमच्या गावावर विकिपीडियासाठी लेख लिहिताना पाण्याच्या टाकीवर रंगवलेल्या नगर परिषदेच्या बोधचिन्हाचे छायाचित्र मी काढले. सरकारी चिन्ह सर्वांचेच असते, तेव्हा ते विकिमीडिया कॉमन्स या मुक्त छायाचित्रांच्या संग्रहावर ‘स्वतःची निर्मिती’ म्हणून चढवावे का?
— एक वाचक, तालुका आर्वी, जिल्हा वर्धा

उत्तर : चढवू नये. छायाचित्र आपले असले, तरी त्यातील रेखाटन आपले नाही. सरकारी म्हणजे मुक्त, हा समज आपल्याकडे फार रुजला आहे. प्रत्यक्षात प्रताधिकार (कॉपीराइट) अधिनियम, १९५७ नुसार राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या निगम निकायाने (कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र अस्तित्व असलेल्या संस्थेने) करवून घेतलेल्या कलाकृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, तो निकायच असतो, आणि हा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. नगर परिषद अशाच निकायांत मोडते. सार्वजनिक जागेतील शिल्पांच्या व इमारतींच्या छायाचित्रांना याच अधिनियमाचे कलम ५२ सूट देते, मात्र भिंतीवरील वा टाकीवरील सपाट चित्राला ती लागू होत नाही.

कॉमन्सवर व्यावसायिक वापराची आणि फेरफाराचीही मुभा देणारा परवाना लागतो. ‘शैक्षणिक वापरासाठी’ एवढी तोंडी संमती तेथे चालत नाही. म्हणून मुख्याधिकाऱ्यांकडे अशा परवान्याचे नाव स्पष्ट लिहून लेखी संमती मागावी. चिन्हात अशोकस्तंभाची राजमुद्रा असेल, तर राजमुद्रेचा गैरवापर रोखणारा २००५ चा स्वतंत्र कायदाही आड येतो. संमती मिळेपर्यंत लेखात नगर परिषदेच्या इमारतीचे छायाचित्र निर्धास्तपणे वापरावे.