जुन्या वाड्याची विटेची भिंत: आधी ओल समजून घ्या

आपण पुण्यातील जुन्या वाड्याची दुरुस्ती हाती घेत आहात, याचा मनापासून आनंद वाटला. सुरुवातीला एकच गोष्ट पक्की ध्यानात धरावी: चुन्यात बांधलेली जुनी वीट पाणी शोषते आणि ते पुन्हा हवेत सोडते, ही ये-जा अडली की भिंत खराब होऊ लागते.

म्हणूनच नवख्यांच्या हातून होणारी सर्वांत महागडी चूक म्हणजे ओल दिसताच सिमेंटचा गिलावा करणे. काही काळ भिंत कोरडी भासते. परंतु जमिनीतून चढणारे पाणी गिलाव्यामागे कोंडून आणखी वर सरकते, त्यातील क्षार विटेच्या छिद्रांत स्फटिक होऊन साचतात आणि विटेचे पापुद्रे सुटू लागतात. भिंतीवरून बोट फिरवल्यावर पांढुरका थर आणि लाल भुकटी हाताला लागली, तर हेच घडत आहे असे समजावे.

प्रारंभी एवढे करावे:

- कौले, पन्हळी आणि जोत्यालगतचा (जमिनीवर उचललेल्या पायाच्या भागालगतचा) उतार आधी दुरुस्त करावा. चौकात भर घालून फरशी जोत्याच्या वर आली असेल, तर ती उतरवावी. या कामाकडे फार दुर्लक्ष होते.
- दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, चुन्यानेच भराव्यात. सिमेंट विटेहून कठीण असल्याने सारी झीज विटेच्या वाट्याला येते.
- ऑइल पेंट टाळावा.

उष्णतेचा विचार त्यानंतर. जाड भिंत दुपारचे ऊन आत उशिरा पोहोचू देते. मात्र ओली वीट कोरड्या विटेपेक्षा उष्णता अधिक वाहून नेते, त्यामुळे भिंत पुरती वाळेपर्यंत इन्सुलेशनचा (उष्णता अडवणारा थर लावण्याचा) विषय बाजूला ठेवावा. त्यासाठी एक अख्खा उन्हाळा तरी तिला मोकळा द्यावा.