वाचक विचारतात: काटेरी झुडपाची पिवळी फळं

प्रश्न: आम्ही रीगाला (लॅटव्हिया) राहतो. अंगणात मे महिन्यात लालभडक फुलणारं काटेरी झुडूप आहे. आता त्याला लिंबाएवढी पिवळी, सुवासिक फळं लागलीत. एक चावून पाहिलं, दातच आंबले! ही खातात का?

उत्तर: अहो, नुसतं चावलंत? धाडस आहे तुमचं. हे जपानी क्विन्स. मूळचं जपानचं, युरोपात फुलांसाठी कुंपणाला लावायचे, फळाकडे कुणी बघायचं नाही. लॅटव्हियात लिंबू पिकत नाही, म्हणून १९५१पासून आल्बर्ट्स टीत्स या रोप-पैदासकारांनी डोबेले या तिथल्या गावी याची रोपं निवडायला सुरुवात केली. कमी काटे, मोठं फळ, थंडी सोसणारं झाड अशी निवड होत होत ते चक्क शेतातलं पीक झालं. तुमच्या बाजारात ‘सिडोनिया’ म्हणून साखरेत मुरवलेले तुकडे मिळतात ना, ते हेच.

तुमचं झुडूप बहुधा शोभेचंच, पण फळ चालतं. फळ दगडासारखं असतं, तेव्हा सुरी धारदार हवी. बिया सगळ्या काढा, त्या पोटात जायला नकोत. पातळ फोडी बरणीत साखरेशी थरावर थर लावा. दोन-तीन दिवसांत पाक सुटतो. तो चहात लिंबासारखा घाला. उरलेल्या फोडींचा मुरंबा शिजवा, पेक्टिन (फळातला, मुरंबा घट्ट करणारा घटक) भरपूर असल्याने झटकन आळतो. मी वेलदोडा घालते, केशर वाया जातं.

पुढच्या वर्षी जास्त फळं हवीत तर शेजारी वेगळं रोप लावा. एकट्या झाडाला फळ कमीच धरतं.