युनिव्हर्सिटीत आम्ही काही मुलंमुली मिळून क्लायमेट वीक करायचा म्हणतोय, अशा इव्हेंट्सचा खरंच काही उपयोग होतो का? सुरुवात कुठून करावी?

मी युनिव्हर्सिटीत असताना तीन वर्षं ग्रीन क्लबमध्ये होतो, शेवटच्या वर्षी सेक्रेटरी, त्यामुळे अशा इव्हेंट्समधल्या बहुतेक चुका स्वतः करून बसलोय.

पहिल्या वर्षीचा आमचा ग्रीन वीक फोटोत एकदम झकास दिसतो. पाहुणे, पोस्टर स्पर्धा, शपथ, झाडं लावणं, सगळं. शेवटच्या दिवशी संध्याकाळी हॉल आवरताना आम्ही चौघं उरलो होतो आणि आमच्यासमोर अर्ध्या प्यायलेल्या पाण्याच्या बाटल्यांची दोन पोती आणि 'प्लास्टिक टाळा' लिहिलेला प्लास्टिकचा फ्लेक्स, त्याचं करायचं काय ते कोणालाच सुचेना. झाडांचं तर बोलूच नका, सुट्टीवरून परत आलो तेव्हा नुसत्या काठ्या उभ्या होत्या, त्यासुद्धा आधाराला लावलेल्या. पाणी कोण घालणार हे ठरवायचंच राहून गेलं होतं.

पुढच्या वर्षी जे काही जमलं ते ठरवून नाही, अपघाताने जमलं. आमच्यातला एक जण रात्री अडीचला होस्टेलवर परतत होता, त्याला लायब्ररीचा पूर्ण मजला लख्ख दिसला आणि आत माणूस एकही नाही. मग आम्ही पाळ्या लावून आठवडाभर रोज रात्री जाऊन मोजलं. एका मजल्यावर ४० ट्यूब, प्रत्येकी २० वॅट, रोज रात्री साधारण ६ तास कोणी नसताना चालू, म्हणजे रात्रीला ४.८ युनिट आणि वर्षाला १,७५० च्या आसपास, तेही एकाच मजल्याचे आणि फक्त दिव्यांचे, एसी धरलाच नव्हता. आम्हाला वाटलं वॉचमन आळशी आहे, तसं आम्ही आपापसात बोललोही, आता लाज वाटते. त्यांना विचारलं तर ते म्हणाले, "बटण कुलूपबंद पॅनलमध्ये आहे हो, चावी इलेक्ट्रिशियनकडे, आणि ते पाचला घरी जातात." बास! ज्याला दिवे बंद करायचे होते त्याच्याकडे चावीच नव्हती. जास्तीची चावी करून घ्यायला एक अर्ज आणि चार दिवस लागले. माणूस नसला की दिवे आपोआप बंद करणारे मोशन सेन्सर बसवायची फाइल मात्र आठ महिने फिरली, ती वेगळी कथा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की आधी एक छोटी, मोजलेली, होय किंवा नाही म्हणता येईल अशी मागणी हातात घ्या आणि मग तिच्याभोवती इव्हेंट उभा करा. 'कॅम्पस ग्रीन करा' असं निवेदन दिलं की साहेब हसून फोटो काढू देतात. 'या तीन मजल्यांवर मोशन सेन्सर बसवा, हे आमचे सात रात्रींचे आकडे' असं दिलं की त्यांना खालच्या माणसाला बोलवावंच लागतं. आम्ही दुसऱ्या वर्षीच्या ग्रीन वीकमध्ये लायब्ररीच्या दारातच मोठा कागद लावला, रोज रात्रीचा आकडा हाताने लिहायचो, आणि खरं सांगतो, पाहुण्यांच्या भाषणाला जेवढे लोक आले त्याच्या कितीतरी जास्त लोक तिथे थांबून वाचत होते.

किती युनिट म्हणजे किती कार्बन डायऑक्साइड हे काढायचं असेल तर तुमच्या ग्रिडच्या विजेला दर युनिटामागे किती कार्बन डायऑक्साइड सुटतो तो आकडा शोधा, बऱ्याच देशांत तो सरकारच जाहीर करतं. निव्वळ कोळशावरची वीज असेल तर तो युनिटला १ किलोच्या आसपास जातो, जलविद्युत जास्त असेल तिथे खूप कमी. हिशोबाचे तीन भाग करतात, स्कोप १ म्हणजे कॅम्पसवर जाळलेलं इंधन (जनरेटर, बॉयलर, गाड्या), स्कोप २ म्हणजे विकत घेतलेली वीज, आणि स्कोप ३ म्हणजे बाकी सगळं, प्रवास, खरेदी, कचरा. स्कोप ३ बहुतेक वेळा सगळ्यात मोठा निघतो पण सुरुवातीला त्यात शिरू नका, आमची एक पूर्ण टर्म त्यात गेली आणि हाती एक अर्धवट एक्सेल शीट आली.

कचऱ्यावर करायचं असेल तर मेसमधलं उष्टं मोजा. बादली, वजनकाटा आणि दोन आठवडे, एवढंच लागतं. पहिला आठवडा नुसतं वजन करायचं, कोणाला काही बोलायचं नाही, नाहीतर फरक कशाच्या तुलनेत दाखवणार? दुसऱ्या आठवड्यापासून आदल्या दिवशीचं वजन फळ्यावर. उष्टं ढिगात हवेशिवाय कुजलं की मिथेन सुटतो, तो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट आणि वीस वर्षांच्या हिशोबात ८० पटीहून जास्त तापवतो, हे फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं होतं पण ते कोणी वाचलं असेल असं वाटत नाही. कामाला आलं ते वाढणाऱ्या काकांचं बोलणं. ते म्हणाले डाव मोठा आहे, मुलं थोडंच मागतात पण डावात थोडं येतच नाही. डाव बदलला. उष्टं कमी झालं, परीक्षेच्या आठवड्यात परत वाढलं, का ते मला अजून कळलेलं नाही.

"एवढ्याशाने जगाचं काय होणार" असं तुम्हाला कोणीतरी म्हणेलच. तेव्हा २०१९ ची गोष्ट सांगा. पॅसिफिकमधल्या वानुआतूत युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिकच्या कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी ठरवलं की हवामानाबाबत देशांची जबाबदारी काय हे आंतरराष्ट्रीय न्यायालयालाच विचारायचं. वानुआतू सरकारला त्यांनी पटवलं, मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला, आणि २३ जुलै २०२५ ला न्यायालयाने एकमताने मत दिलं की हवामानाचं रक्षण ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे. हे मत सल्लावजा आहे, कोणाला दंड झालेला नाही, तरी वर्गातून निघालेली मागणी तिथवर गेली. आणि बघा, त्यांचीही मागणी एकच होती, एका वाक्यात सांगता येणारी. हार्वर्डचंही तसंच, तेल-कोळशाच्या कंपन्यांतून युनिव्हर्सिटीचा पैसा काढा एवढीच मागणी, २०१२ च्या सुमारास सुरू झाली, २०१९ मध्ये तर येलबरोबरच्या फुटबॉल मॅचच्या मध्यंतरात मुलं मैदानात जाऊन बसली, आणि युनिव्हर्सिटीने हो म्हटलं सप्टेंबर २०२१ मध्ये. नऊ वर्षं! म्हणजे सुरू करणारे कधीच पास होऊन गेले होते.

आणि इथेच बहुतेक क्लब मरतात. प्रशासनाला पक्कं माहीत असतं की तुम्ही दोन-तीन वर्षांत जाणार, त्यामुळे नाही म्हणायचीही गरज नसते, नुसतं 'बघू' म्हटलं की काम होतं. आमचे पहिल्या वर्षीचे सगळे आकडे एका सीनियरच्या लॅपटॉपवर होते, तो पास झाला, लॅपटॉप विकला, विषय संपला. तेव्हा क्लबच्या नावाचं अकाउंट काढा, कोणाच्या खासगी मेलवर काही ठेवू नका, आणि पहिल्या वर्षाची दोन मुलं आत्तापासून प्रत्येक मीटिंगला न्या, भले ती नुसती बसून राहू देत.

सुरुवात कुठून म्हणाल तर तारीख ठरवायच्या आधी इस्टेट सेक्शनला (इमारतींची देखभाल बघणारं ऑफिस) गेल्या बारा महिन्यांची वीजबिलं मागा. टाळाटाळ झाली तर इलेक्ट्रिशियन काकांना गाठा, मीटर कुठे कुठे आहेत एवढंच विचारा. आमचे काका तर चाव्यांचा जुडगा घेऊन स्वतःच दाखवायला निघाले, इतक्या वर्षांत त्यांना कोणी विचारलंच नव्हतं म्हणे, आणि जिन्याखालच्या खोलीत दोन मीटर असे निघाले की ते कोणत्या बिल्डिंगचे आहेत हे त्यांनाही सांगता येईना.