वाचकांचे प्रश्न : घरातील उजेड, कोणासाठी आणि कोणत्या वेळी?

गेल्या अंकात घर आणि दुकान यांतील प्रकाशयोजनेविषयी प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रे इंदुरातून आली आणि त्यांतील बरीच 'किती वॅटचा दिवा लावावा' एवढेच विचारणारी होती. ज्यांत दिव्याखाली बसणाऱ्या माणसाचाही उल्लेख होता, असे चार प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : इंदूरच्या रामबागेतील आमचे घर जुने, अरुंद आणि खोल आहे. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती आहेत. वरचा मजला चढवताना मधला चौक स्लॅब टाकून बंद केला, त्यामुळे माजघरात भर दुपारीही दिवा लागतो. माझे ७८ वर्षांचे सासरे दिवसभर तिथेच आरामखुर्चीत बसतात. दिवसा त्यांना डुलक्या येतात आणि रात्री झोप लागत नाही. पीओपीच्या छतात बारा पांढरे एलईडी बसवले, तरी 'अंधारच वाटतो' असे ते म्हणतात. आणखी दिवे लावावेत का?

उत्तर : आधी एक चाचणी करा. मोबाइलवर लक्स, म्हणजे एखाद्या जागी किती उजेड पडतो, ते मोजणारे ॲप घ्या. ते फार अचूक नसते, पण तुलनेपुरते चालते. फोन आरामखुर्चीजवळच्या टेबलावर उताणा ठेवून आकडा पाहा. मग तोच फोन सासऱ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, ते ज्या दिशेला पाहत बसतात त्या दिशेला स्क्रीन करून धरा. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी आला तर नवल वाटू देऊ नका. छतात खोल बसवलेले दिवे उजेड सरळ खाली टाकतात. फरशी झगझगते, पण समोरची भिंत आणि बसलेल्याचा चेहरा काळवंडलेलाच राहतो. सासऱ्यांची तक्रार म्हणूनच खरी आहे. त्यात वयाची भर पडते. उतारवयात बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होते, आणि साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो.

झोपेचाही उजेडाशी संबंध आहे. डोळ्याच्या पडद्यात पाहण्याचे काम करणाऱ्या पेशींखेरीज मेलानोप्सिन हे रंगद्रव्य असलेल्या काही पेशी असतात, आणि त्या स्वतःच प्रकाशाला प्रतिसाद देतात हे २००२ मध्ये प्रयोगांनी सिद्ध झाले. निळसर प्रकाशाला, म्हणजे ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या लहरींना, त्या सर्वाधिक संवेदनशील असतात आणि दिवस आहे की रात्र हे मेंदूतील घड्याळाला कळवतात. या विषयातील शास्त्रज्ञांच्या एका गटाने २०२२ मध्ये केलेली शिफारस अशी, की दिवसा डोळ्यांशी किमान २५० लक्स, झोपेआधीचे तीन तास फार तर १० लक्स आणि झोपेत १ लक्सहून कमी उजेड असावा. हे लक्स या पेशींच्या हिशेबाने, दिवसाच्या नैसर्गिक उजेडाशी तुलना करून मोजलेले आहेत. पिवळसर दिव्याचे साधे लक्स या हिशेबात साधारण निम्मेच धरावे लागतात. आपल्या माजघरात दिवसभर संध्याकाळ असते आणि रात्री दिवे तसेच चालू राहिले, तर रात्रही संध्याकाळच ठरते. अर्थात झोप न लागण्यामागे औषधे किंवा रात्री वारंवार लघवीला उठणे अशी इतर कारणेही असू शकतात, तेव्हा डॉक्टरांना एकदा अवश्य दाखवावे.

उपाय सांगायचा तर सर्वांत स्वस्त उपाय खुर्ची हलवण्याचा आहे. सकाळी चहापासून जेवणापर्यंत सासऱ्यांची बैठक पुढच्या खोलीत खिडकीशी किंवा दाराबाहेरच्या ओट्यावर करा. उघड्यावर सावलीतही हजारो लक्स उजेड असतो आणि ढगाळ दिवशीही सुमारे दहा हजार. बारा एलईडी त्याच्या जवळपासही जात नाहीत. खिडकीचा उजेड कामाचा राहतो तो साधारणपणे तिच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दीड ते दोन पट अंतरापर्यंत, म्हणजे कड सात फुटांवर असेल तर दहा ते चौदा फूट. खुर्ची त्या अंतराच्या आत हवी. वृद्ध माणसे आपली जागा सहजासहजी सोडत नाहीत हे मला ठाऊक आहे. वर्तमानपत्र, रेडिओ आणि पानाचा डबा तिकडे हलवला तर काम सोपे होते.

बंद केलेला चौक पुन्हा उघडता येत असेल तर मात्र मी तोच आग्रह धरीन. मात्र गच्चीत नुसती आडवी काच बसवू नका. इंदूर कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला, सुमारे २२.७ अंशांवर आहे. जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि आडव्या काचेखालची खोली भट्टीसारखी तापते. त्याऐवजी गच्चीवर दोन-अडीच फूट उंचीची पेटी बांधून फक्त तिच्या उत्तरेच्या बाजूला उभी काच लावावी. तिच्यातून वर्षभर आकाशाचा थंड, सारखा उजेड उतरतो. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ ईशान्य व वायव्येकडून तिरपे ऊन येते, ते काचेच्या दोन्ही कडांना उभ्या पट्ट्या काढून अडवता येते. आतल्या भिंती पांढऱ्या आणि चमक नसलेल्या ठेवा. पेटीच्या एका बाजूला जाळी लावली, तर साचलेली गरम हवाही वरून निघून जाते.

दिव्यांचे म्हणाल तर बारापैकी निम्मे काढले तरी चालतील. उरलेल्यांच्या जोडीला खुर्चीच्या समोरच्या भिंतीवर उजेड फेकणारे दिवे लावा, म्हणजे भिंतच उजळते आणि तोच उजेड डोळ्यांपर्यंत पोहोचतो. दिवसा ४००० केल्विन किंवा त्याहून पांढरे दिवे ठीक (केल्विन हा दिव्याच्या रंगाचा आकडा, तो जितका कमी तितका उजेड पिवळसर). दिवेलागणीनंतर ते बंद करून २७०० केल्विनचे एक-दोन पिवळसर, शेड असलेले दिवे पुरेत. पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर मात्र गुडघ्याखालच्या उंचीवर मंद, तांबूस दिवे रात्रभर हवेत. तिथे झोपेचा विचार बाजूला ठेवावा, कारण अंधारात पडून मांडीचे हाड मोडणे हे एका जागरणापेक्षा कितीतरी वाईट.

प्रश्न : मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. खोलीत एकच ६५०० केल्विनची एलईडी ट्यूबलाइट आहे. रात्री वाचताना तिचे डोके दुखते. कोणता दिवा घ्यावा?

उत्तर : आधी डोळे तपासून घ्यावेत, चष्म्याचा नंबर बदललेला असेल तर कोणत्याही दिव्याने उपयोग होणार नाही. त्यानंतर मोबाइलचा स्लो मोशन कॅमेरा ट्यूबलाइटवर धरा. चित्रात उजेड लुकलुकताना दिसला, तर आतील ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा भाग, हलक्या प्रतीचा आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून असा दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला ते जाणवत नाही, पण अनेकांचे डोके त्यानेच दुखते.

दुसरा दोष एकाच दिव्याचा. छतावरची ट्यूब मागे असली की वहीवर स्वतःच्याच डोक्याची सावली पडते. ती सारखी चुकवत वाकून बसल्याने मान आखडते, आणि मग तीही दुखणे डोक्यातच चढवते. इंदुरात याचे उत्तर नव्वद वर्षांपूर्वीच दिले गेले होते. यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी माणिकबाग महाल सजवला, तेव्हा तेथील लाल आरामखुर्च्यांमध्येच वाचनाचे दिवे बसवले होते. छताचा दिवा खोलीसाठी, खुर्चीचा दिवा वाचणाऱ्यासाठी, अशी ती विभागणी होती. आपल्याला महाल नको. मान वळणारा टेबल लॅम्प पुरे. मुलगी उजव्या हाताने लिहीत असेल तर तो डावीकडे ठेवावा, त्यातील बल्ब तिच्या डोळ्यांना थेट दिसू नये आणि वहीवर सुमारे ५०० लक्स मिळावेत. खोलीतील दुसरा दिवा मंद करून चालूच ठेवावा, कारण काळोखात फक्त वहीवर प्रकाशाचा गोल पडला तर डोळे लवकर थकतात. रात्री दहानंतर लॅम्पमध्ये ३००० केल्विनच्या आतला बल्ब बरा. खरे तर मध्यरात्रीपर्यंत चालणारे वाचन पहाटे उजेडात हलवता आले तर अधिक चांगले. पण ते घरातील आई-वडिलांनी बोलून ठरवायचे आहे.

प्रश्न : एलईडीच्या निळ्या प्रकाशाने डोळे खराब होतात का?

उत्तर : घरगुती दिव्यांनी, नेहमीच्या अंतरावरून, नाही. मोकळ्या आकाशाकडे पाहताना त्याहून कितीतरी अधिक निळा प्रकाश डोळ्यांत जातो. उघड्या एलईडीकडे टक लावून पाहू नये, एवढेच. रात्री उशिरा तो झोप लांबवतो, ही गोष्ट वेगळी.

प्रश्न : माझे माहेश्वरी साड्यांचे छोटे दुकान आहे. दुकानात पसंत केलेली साडी बाहेर नेल्यावर 'हा रंग नव्हता' असे गिऱ्हाईक म्हणते. शिवाय दुकानातील मुली दिवसअखेर डोळे चुरचुरतात म्हणतात.

उत्तर : दोन्ही तक्रारींचे मूळ दिव्यांतच असावे. दिव्याच्या खोक्यावर 'सीआरआय ८०' असे छापलेले असते. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात हे सांगणारा तो आकडा आठ फिकट रंगांची सरासरी असतो आणि त्यात गडद लाल रंग धरलेलाच नसतो. लालासाठी 'आर ९' असा निराळा आकडा आहे. सीआरआय ८० असलेल्या स्वस्त एलईडीत तो शून्याच्या आसपासही असू शकतो. मग कुंकवी लाल तपकिरी दिसतो, डाळिंबी विझल्यासारखी होते आणि जरीची झाकही उतरते. नवीन दिवे घेताना सीआरआय ९० च्या वर आणि आर ९ किमान ५० आहे का, हे दुकानदाराला स्पष्ट विचारा. त्याला सांगता आले नाही तर तो दिवा घेऊ नका. ४००० केल्विनच्या आसपासचा रंग साड्यांना मानवतो. त्याखेरीज दाराशी, दिवसाच्या उजेडात साडी उलगडता येईल एवढी जागा मोकळी ठेवा, कारण दिव्याखाली जुळणारे साडी-ब्लाउजचे दोन रंग उन्हात वेगळे निघू शकतात आणि ते चांगल्या दिव्यानेही पूर्णपणे टळत नाही.

मुलींच्या डोळ्यांचे कारण पाहायचे असेल तर स्वतः अर्धा तास गादीवर त्यांच्या जागी बसा. काउंटरवर साडी चमकावी म्हणून लावलेले स्पॉट बहुधा गिऱ्हाइकाच्या बाजूने त्यांच्या तोंडावर रोखलेले असतील. ते फिरवून उभ्या रेषेपासून तीस-पस्तीस अंशांच्या आत साडीवर आणा आणि मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी येते ती प्रत्येक स्पॉटला बसवून घ्या. मागचे कपाटही थोडे उजळ ठेवा, म्हणजे झगमगीत साडीवरून मान वर केली की समोर एकदम काळोख येणार नाही.